स्मृतिहीन भूक : संगणकीय खेळांतील अन्नगणित आणि पालघरचा पावसाळा

संगणकीय खेळांचा ‘तगून राहण्याचे खेळ’ म्हणून ओळखला जाणारा एक प्रकार गेल्या दीड दशकात फार लोकप्रिय झाला आहे. या खेळांत खेळाडूला एका अनोळखी प्रदेशात एकट्याने सोडून दिलेले असते. त्याने लाकूड तोडावे, निवारा उभारावा, अन्न मिळवावे आणि जिवंत राहावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. पडद्याच्या कडेला एक पट्टी दिसते. ती भुकेची पट्टी होय. ती हळूहळू रिकामी होत जाते व अन्न खाल्ले की भरते. या प्रकारातील ‘माइनक्राफ्ट’ या खेळाच्या २०२३ सालापर्यंत तीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. यावरून भुकेचे हे चित्र किती तरुण मनांवर बिंबत आहे याची कल्पना येईल.

अर्थशास्त्राच्या अगर समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने या करमणुकीची दखल का घ्यावी, असा प्रश्न विचारला जाईल. त्याचे उत्तर असे की, असा खेळ म्हणजे वस्तुतः भुकेचे एक गणिती प्रतिमान असते. त्यात साठा आहे, व्यय आहे, उंबरठे आहेत आणि परिणाम आहेत. कोणत्याही प्रतिमानाप्रमाणे त्यातही काही गोष्टी घेतलेल्या आहेत व काही सोडून दिलेल्या आहेत. जे सोडले आहे ते ओळखता आले, तर आपल्या प्रबंधांतून आपण मांडतो त्या प्रतिमानांतील उणिवाही स्पष्ट दिसू लागतात. प्रस्तुत लेखात प्रथम या खेळांतील अन्नगणित समजावून घेऊ व नंतर ते पालघर जिल्ह्यातील प्रत्यक्ष परिस्थितीशी ताडून पाहू. या जिल्ह्याच्या किनाऱ्याकडील अंगास सरावली, बोईसर, तारापूर हा औद्योगिक पट्टा आहे आणि पूर्वेकडील अंगास जव्हार, मोखाड्याचा डोंगराळ मुलूख आहे. एकाच जिल्ह्यात भुकेची दोन निराळी रूपे अभ्यासावयास मिळावीत, असा हा प्रदेश आहे.

१. घड्याळ म्हणून भूक

संगणकीय खेळांत भूक आली ती करुणेपोटी नव्हे. १९८० च्या सुमारास मायकेल टॉय व ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातील दोन विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ रचला. त्यात खेळाडूला एका भुयाराच्या तळापर्यंत उतरावयाचे असते. वरच्या मजल्यांवर धोका कमी असल्यामुळे तेथेच रेंगाळून शक्ती वाढवीत बसण्याचा मोह खेळाडूस होणे स्वाभाविक होते. हा मोह मोडण्यासाठी रचनाकारांनी भूक योजिली. प्रत्येक चालीबरोबर पोटातील अन्न कमी होते. खेळाडू प्रथम भुकेला, मग अशक्त, मग मूर्च्छित होतो व अखेर मरतो. अन्न मिळवावयाचे तर खाली उतरणे भाग पडते.

याच परंपरेतील ‘नेटहॅक’ या १९८७ सालच्या खेळात हेच तत्त्व अधिक काटेकोरपणे मांडलेले आढळते. तेथे खेळाडूच्या पोषणाचा आरंभीचा आकडा ९०० असतो आणि साधारणतः प्रत्येक चालीस तो एकाने उतरतो. म्हणजे भूक ही येथे काळावर बसविलेली पट्टी आहे. जितका वेळ घ्याल तितकी भरा, असा हा रोखठोक व्यवहार आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढील सर्व खेळांनी हेच बीज उचलले आहे.

२. माइनक्राफ्टचे गणित

माइनक्राफ्टमध्ये भुकेची व्यवस्था सप्टेंबर २०११ मध्ये दाखल झाली. तिचे नियम मुख्यतः तीन आकड्यांवर उभे आहेत.

पहिला आकडा दिसणारा. भुकेची पट्टी २० गुणांची असून ती दहा तंगड्यांच्या चित्रांनी दाखविली जाते. दुसरा आकडा न दिसणारा. त्यास आपण ‘तृप्तिसंचय’ म्हणू. कोणतेही अन्न खाल्ले म्हणजे पट्टी भरते आणि हा गुप्त संचयही वाढतो, मात्र तो पट्टीवरील गुणांपेक्षा अधिक होऊ शकत नाही. उदाहरणार्थ, एका पावाने पट्टीत ५ व संचयात ६ गुणांची भर पडते. भाजलेल्या गोमांसाने तीच भर अनुक्रमे ८ व १२.८ अशी होते. तिसरा आकडा श्रमांचा. धावणे, उडी मारणे, प्रहार करणे, दगड फोडणे या प्रत्येक क्रियेचे ठरलेले श्रमगुण जमा होत जातात. ते ४ झाले की संचयातून एक गुण वजा होतो. संचय संपलेला असेल तर तो पट्टीतून वजा होतो.

परिणामांचे उंबरठेही निश्चित आहेत. पट्टी १८ वा अधिक असेल तर जखमा आपोआप भरतात. ती ६ वर वा त्याखाली आली की धावता येत नाही. शून्यावर आली की प्राणशक्ती घटू लागते. तथापि मृत्यू येतो तो केवळ ‘कठीण’ पातळीवर. ‘सुलभ’ पातळीवर प्राणशक्ती निम्म्यावर येऊन थांबते आणि ‘साधारण’ पातळीवर ती एका गुणावर थांबते. ‘शांत’ या पातळीवर तर भूक नाहीच. काठिण्याची पातळी खेळाडू स्वतः निवडतो, हेही येथेच नमूद केले पाहिजे.

आता एक हिशेब करून पाहू. धावण्याचे श्रमगुण मीटरमागे ०.१ आहेत. एक किलोमीटर धावल्यास १०० श्रमगुण, म्हणजे अन्नाचे २५ गुण खर्च होतात. एका पावाचे पट्टी व संचय मिळून ११ गुण. काहीही वाया गेले नाही असे धरले, तरी किलोमीटरभर धावण्यास सुमारे सव्वादोन पाव लागतात. प्रत्यक्षात साठ किलो वजनाचा माणूस किलोमीटरभर धावला तर साधारण ६० उष्मांक खर्च करतो. सतरा ग्रॅम तांदळात ते भरून निघतात. याउलट, माइनक्राफ्टच्या आजच्या नियमांप्रमाणे एका जागी उभे राहण्यास, किंबहुना सावकाश चालण्यासही काहीच खर्च येत नाही. खऱ्या शरीराची गोष्ट नेमकी उलटी आहे. दिवसभर निजून राहिलेल्या त्याच माणसालाही केवळ श्वास, रक्ताभिसरण आणि शरीराची ऊब राखण्यासाठी १,४०० ते १,५०० उष्मांक लागतात. थोडक्यात, खेळात हालचाल महाग आणि जगणे फुकट आहे. जीवनात हालचाल तुलनेने स्वस्त असून जगणेच महाग आहे.

हा दोष मानावा काय? खेळाच्या दृष्टीने नव्हे. तेथील एक दिवस वीस मिनिटांचा असतो. विचार करीत उभ्या असलेल्या खेळाडूस दंड बसू नये आणि धावणाऱ्यास तो बसावा, हा हेतू त्यामागे आहे. २०१३ सालच्या ‘डोन्ट स्टार्व्ह’ या खेळाने याहून एक पाऊल पुढे टाकले. त्यातील प्रमुख पात्राच्या भुकेचा साठा १५० असून तो दिवसाकाठी ७५ ने घटतो. उभे राहा वा धावा, दोन दिवसांत पोट रिकामे होते. शिवाय तेथे अन्न शिळे होते, नासते आणि हिवाळ्यात शेती होत नाही. बेगमीची कल्पना, म्हणजे पुढच्या ऋतूसाठी आज राखून ठेवणे, या खेळात खऱ्या अर्थाने अवतरली.

३. शरीराची स्मृती

वरील सर्व खेळांत एक समान लक्षण आहे आणि तेच या लेखाचे मुख्य प्रतिपाद्य होय. या खेळांतील भूक स्मृतिहीन आहे. या क्षणी पट्टीवर व संचयात किती गुण आहेत एवढे कळले की पुढचे सर्व ठरते. ते गुण कसे आले, काल पट्टी किती वेळ शून्यावर होती, याला काहीही महत्त्व नसते. दहा दिवस उपाशी राहिलेला खेळाडू आणि कधीच उपाशी न राहिलेला खेळाडू, दोघांनी पोट भरले व जखमा भरून आल्या की दोघे अगदी समान होतात. संभाव्यताशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर भविष्य फक्त वर्तमानावर अवलंबून असते, भूतकाळावर नाही.

मानवी शरीर असे वागत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये छत्तीस निरोगी तरुण स्वयंसेवकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांना चोवीस आठवडे निम्म्याच्या आसपास आहारावर ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले. परंतु त्याहून लक्षणीय बाब अशी की, त्यांच्या शरीराचा विश्रांतीच्या अवस्थेतील खर्चही सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरला. शरीराने आपला खर्च आटोपता घेतला. त्याची किंमत उदासीनता, थंडी वाजणे, कामातील निरुत्साह आणि अन्नाचाच अहोरात्र ध्यास या रूपांनी मोजावी लागली. पुरेसे अन्न पुन्हा मिळू लागल्यावरही पूर्वस्थिती येण्यास कित्येक महिने लागले.

या समायोजनाचा अर्थ कसा लावावा, यावर महाराष्ट्रातील दोन थोर अभ्यासकांत मोठा वाद झाला होता. वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपल्या अभ्यासात दरडोई दररोज २,२५० उष्मांक ही मर्यादा धरून दारिद्र्यरेषा निश्चित केली. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले आणि जागतिक अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे दीर्घकाळ प्रमुख असलेले पां. वा. सुखात्मे यांनी या रीतीवर आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की, गरज माणसागणिक वेगळी असते, इतकेच नव्हे तर एकाच माणसाची गरजही दिवसागणिक कमीजास्त होते व शरीर काही मर्यादेत स्वतःचे नियमन करते. म्हणून सरासरीखाली असणारा प्रत्येक जण भुकेला आहे असे मानणे चूक ठरेल. यावर प्रतिपक्षाने असे विचारले की, शरीराने स्वतःला आवरून घेतले याला निरोगीपणा म्हणावयाचे की निरुपायाने केलेली तडजोड?

या वादाचा निर्णय येथे देण्याचे कारण नाही. परंतु त्याने एक गोष्ट निर्विवाद केली. भुकेचा एकच एक आकडा आणि एकच एक उंबरठा, ही खेळातील सोय आहे. बालकांच्या बाबतीत तर ही सोय पूर्णपणे कोसळते. गर्भावस्थेत आणि पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ पुढे बव्हंशी भरून येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती. ती उंची म्हणजे पूर्वीच्या भुकेची शरीराने ठेवलेली नोंदच होय. आज पोटभर जेवलेल्या मुलाची पट्टी खेळाच्या हिशेबाने पूर्ण भरलेली दिसेल. ही नोंद तिच्यात कोठेही दिसणार नाही.

४. कणगीची आणि वहीची स्मृती

आता डोंगराकडे वळू. जव्हार-मोखाड्यातील वारली, कातकरी, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर या समाजांचा शेतीव्यवहार मुख्यतः पावसाच्या भातावर, उतारावरच्या नागली-वरीवर आणि जंगलावर उभा राहिला आहे. भात कापणीस येते ते आश्विन-कार्तिकात. त्यामुळे कणगी रिकामी होण्याचा काळ आषाढ ते भाद्रपद हा असतो. परंतु आवणीचे काम याच आषाढात येते. दिवसभर चिखलात वाकून रोपे लावावयाची हे वर्षातील सर्वांत कष्टाचे काम असून, ते साठा सर्वांत कमी असताना करावे लागते. खेळात खेळाडूला पोट रिकामे असता श्रम पुढे ढकलता येतात. येथे आवणी पुढे ढकलली तर पुढचे वर्षच जाते.

या दिवसांत रान मदतीस येते. शेवळे, टाकळा, बांबूचे कोंब, कंद, शेतातील खेकडे हा त्या काळाचा आधार असतो. मात्र खेळात फळ तोडले की ते अन्न झाले, तसे येथे होत नाही. शेवळ नुसते शिजवून खाल्ले तर घसा खाजतो. काकडाच्या फळांचा किंवा चिंचेचा आंबटपणा घातल्यावाचून ते खाण्याजोगे होत नाही. कडू कंद उकडून, पाण्यात ठेवून त्याचा कडवटपणा काढावा लागतो. म्हणजे अन्न हे रान, श्रम, सरपण आणि पिढ्यांनी जपलेले ज्ञान यांचा गुणाकार आहे. यातील एक जरी शून्य झाले तरी फल शून्य येते.

रानानेही भागले नाही म्हणजे ‘खावटी’ काढावी लागे. पावसाळ्यात खाण्यापुरते धान्य सावकाराकडून घ्यावयाचे व सुगीला सवाईने वा दिढीने परत करावयाचे, अशी ही रीत. तिचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, पाच माणसांच्या कुटुंबास महिन्याला एक क्विंटल, म्हणजे वर्षाला बारा क्विंटल धान्य लागते. माणशी रोजचे हे प्रमाण सुमारे २,२५० उष्मांकांच्या जवळपास येते. शेतात दरवर्षी आठ क्विंटल पिकते आणि दुसरी मिळकत नाही. नोव्हेंबरपासून खाण्यास सुरुवात केली तर जूनअखेर कणगी रिकामी होते. जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांसाठी चार क्विंटल खावटी काढली. दिढीने सहा क्विंटल फेडावे लागले. दुसऱ्या वर्षी आठातून सहा गेले, उरले दोन. ते डिसेंबरअखेर संपले. आता दहा क्विंटल कर्ज काढावे लागेल व त्याचे पंधरा होतील. तिसऱ्या सुगीला सर्व पीक देऊनही सात क्विंटल देणे राहते.

तिन्ही वर्षी पाऊस तोच, जमीन तीच, पीक तेवढेच, कष्टही तेवढेच. फरक पडला तो वहीतील आकड्याने. पहिल्या वर्षाची एक-तृतीयांश तूट तिसऱ्या वर्षी कुटुंबाचे स्वातंत्र्य गिळून बसते. हे दिढीऐवजी सवाईने केले तरी तिसऱ्या सुगीला देणे सव्वाअकरा क्विंटल, म्हणजे पिकाहून अधिकच होते. धान्य नसलेल्याने मग काय द्यावयाचे? स्वतःचे श्रम. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारे ‘लग्नगडी’ याच मुलखातले. १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली तलासरी-डहाणू भागात वारल्यांनी जो लढा दिला, तो या वेठबिगारीविरुद्ध होता. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात त्याची हकीकत आली आहे.

या दृष्टीने पाहिले असता शासकीय योजनांचे मर्मही समजते. १९७२ साली महाराष्ट्रात सुरू झालेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप पावलेली रोजगार हमी योजना वरील उदाहरणात उन्हाळ्यातील चार क्विंटलांची मजुरी मिळवून देते, आणि कर्जाची साखळी पहिल्याच वर्षी जोडली जात नाही. त्याचप्रमाणे २०२० साली शासनाने आदिवासी कुटुंबांस दिलेली चार हजार रुपयांची खावटी निम्मी रोख व निम्मी वस्तुरूपाने होती आणि ती अनुदान म्हणून होती. कर्ज व अनुदान यांतील भेद केवळ रकमेचा नाही. अनुदान वहीत पुढे ओढले जात नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्या घटनेकडेही एका पावसाळ्यातील अन्नतुटवडा म्हणून पाहणे अपुरे आहे. साचत आलेल्या तुटीचा तो शेवटचा हप्ता होता.

५. सरावली : भरलेले दुकान

किनाऱ्याकडील पट्ट्यात प्रश्नाचे रूप पालटते. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली कार्यान्वित झाले व बोईसरलगत मोठी औद्योगिक वसाहत वाढली. सरावलीसारख्या गावांचे रूपांतर कामगारवस्तीत झाले. येथे अन्न ऋतूने येत नाही, पगाराने येते. दुकान बाराही महिने भरलेले असते. प्रश्न असतो तो दुकानात शिरण्याच्या ऐपतीचा. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली आपल्या दुष्काळविषयक ग्रंथात मांडलेला सिद्धान्त हाच की, उपासमार ही अन्न नसल्याने होते त्यापेक्षा अन्नावरील हक्क तुटल्याने होते. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली तेव्हा कोठारांत धान्य होते. रोजंदारी थांबली आणि परप्रांतीय कामगार गावाकडे निघाले. त्यांच्या पट्टीवरील गुण घटले ते कोणत्याही श्रमाने नव्हे, श्रम करू न दिल्याने.

शिधापत्रिकेचे गणितही येथे करून पाहावे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा पाच किलो धान्य मिळते. त्याचे दररोजचे सुमारे ५७५ उष्मांक होतात, म्हणजे दांडेकर-रथ यांच्या मर्यादेचा साधारण चौथा हिस्सा. तो लहान नाही. परंतु उरलेले तीन हिस्से मजुरीवर अवलंबून राहतात. दिवाळीनंतर डोंगरातील कुटुंबे ‘उचल’ घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा कामाच्या आधीच खाल्लेल्या अन्नाचे देणे ती फेडीत असतात. खावटीची वही भट्टीवर पोचते ती अशी.

६. न्याय्य भूक आणि अन्याय्य भूक

खेळांतील भूक न्याय्य असते. झाड कोणाच्या मालकीचे नाही, रानात वनरक्षक नाही, पावावर व्याज नाही. खेळाडू उपाशी मेला तर चूक त्याची, आणि पुढच्या डावात ती सुधारता येते. खेळ खेळण्याजोगा होण्यास हे आवश्यकच आहे. पहिल्या डावाची तूट दुसऱ्या डावावर चढू लागली तर तो खेळ कोणी हाती घेणार नाही. धोका उद्भवतो तो हे तत्त्व नकळत समाजाला लावल्याने. जो उपाशी आहे त्याने बेगमी केली नाही, कष्ट केले नाहीत, असा निष्कर्ष मग सहज सुचतो. वरील तीन वर्षांच्या हिशेबात कष्ट एका दिवसानेही कमी झालेले नाहीत, याची अशा वेळी आठवण ठेवावी.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी जे या विषयाची संगणकीय प्रतिमाने रचू इच्छितात, त्यांनी निदान तीन चलांची भर घालावी असे सुचवावेसे वाटते. पहिले, साठा व श्रम यांचा ऋतुमानानुसार असलेला व्यस्त संबंध. दुसरे, घरातील वाटणी. एकूण धान्य पुरेसे असूनही शेवटी जेवणारीच्या ताटात काय उरते, हे कुटुंबाच्या सरासरीवरून कळत नाही. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, स्मृती : बालकाच्या उंचीत, गहाण पडलेल्या श्रमात आणि वहीतील देण्यात मागच्या वर्षांची जी भूक शिल्लक आहे ती. अशा प्रतिमानात ‘कुटुंब किती दिवस तगेल’ हा प्रश्न दुय्यम ठरेल. कुटुंब बहुधा तगतेच. दुसऱ्या वर्षीचा मृग लागताना त्याच्या कणगीत किती धान्य आहे, त्यातले त्याचे स्वतःचे किती आणि आधीच दुसऱ्याचे झालेले किती, हे मोजावयास हवे.